संस्थांचे हिशेब, रिपोर्ट, कागदपत्रं सांभाळायचा स्वतःचा धंदा काढावा का? नोकरी सोडायच्या विचारात आहे

हिशेबवही_लातूर

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

लातूर जिल्ह्यातल्या एका सामाजिक संस्थेत मी अकाउंट्स आणि एमआयएस, म्हणजे कामाच्या आकड्यांची माहिती, बघते. एम.कॉम. झालंय, टॅली चांगलं येतं, कोबोवर (मोबाइलवर सर्व्हे करायचं अ‍ॅप) फॉर्म बनवता येतात, इंग्रजी लिहिता येतं पण बोलताना अडखळते. संस्था मध्यम आकाराची आहे, बचतगट, पाणलोट, किशोरी मुलींचा एक प्रोजेक्ट, त्यातले दोन सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे, आणि एक एफसीचा, म्हणजे परदेशी देणगीचा. व्हाउचर लावण्यापासून तिमाही रिपोर्ट, यूसी (निधी वापरल्याचा दाखला), ऑडिटरसमोर बसणं, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद, सगळं फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतं. पगार वेळेवर होतो, लोक चांगले आहेत, तक्रार नाही.

पण झालंय असं की आजूबाजूच्या दोन छोट्या संस्था संध्याकाळी फोन करतात, ताई जरा आमचं १०बीडी (देणग्यांचं आयकर खात्याला द्यायचं विवरण) भरून द्या, ताई कंपनीनं एक्सेल पाठवलीय ती उघडतेय पण कळत नाही, ताई बजेट बघा. मी देते करून. एकांनी दिवाळीला साडी पाठवली, दुसऱ्यांनी माझ्या नावानं झाड लावलं म्हणून फोटो पाठवला, झाड जगलं का ते काही कळवलं नाही.

तर डोक्यात आलं की हेच काम फी घेऊन का करू नये, एक खोली भाड्यानं घ्यायची, दोन मुली हाताखाली घ्यायच्या आणि सात-आठ संस्थांचं काम धरायचं. घरी विचारलं तर नवरा म्हणतो कर, सासरे म्हणतात संस्थांकडेच पैसे नसतात ते तुला कुठून देणार. मला विचारायचंय की कुणी असा धंदा प्रत्यक्षात करतंय का, फी कशी लावता, नोंदणी कसली करायची, सेक्शन ८ (ना-नफा) कंपनी काढावी का साधी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकटीच्या मालकीचा धंदा, आणि एक संस्था म्हणतेय की प्रपोजल लिहून द्या, मंजूर झालं तर पाच टक्के देतो, ते घ्यावं का? मी सीए नाही हेही सांगून ठेवते.

पानशेत_रोड

ताई, आधी सरळ उत्तर देतो, हो, पोट भरतं. बंगला होत नाही. मी पुण्यात हेच करतो, आम्ही चौघं आहोत, संस्था बहुतेक पुणे, सातारा, रायगडमधल्या.

तुमच्या सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. संस्थांकडे पैसे असतात पण मोकळे नसतात. आलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी हेडला बांधलेला असतो, इतके प्रशिक्षणाला, इतके बियाण्याला, इतके फील्ड वर्करच्या पगाराला. तुमची फी ज्या हेडमधून जाऊ शकते असा हेडच बजेटमध्ये नसेल तर सचिव कितीही भला माणूस असला तरी तो शेवटी खिशातून काही देऊ शकत नाही, म्हणून मग साडी येते. तुमची फी खरं तर प्रपोजलचं बजेट लिहिलं त्याच दिवशी ठरून गेलेली असते. म्हणून या धंद्यात शिरायचं तर बजेट लिहिताना शेजारी बसायला शिका, हिशेब नंतर येतात.

आता यात एक मेख आहे ती नीट समजून घ्या कारण हीच तुमची विद्या म्हणून विकायचीय. सीएसआरच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाले, त्यात लिहिलंय की प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हे ५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवायच्या खर्चाला आहेत. एखाद्या ठरावीक प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावरचा थेट खर्च त्यात धरायचा नाही असं व्याख्येतच आहे. पण कंपनीतला ज्युनिअर मुलगा संस्थेला ईमेल करतो की अ‍ॅडमिन ५ टक्क्यांत बसवा, आणि संस्था घाबरून अकाउंटंटचा पगार काढून टाकते. मग अकाउंटंटचं काम कोण करणार तर फील्ड कोऑर्डिनेटर रात्री बसून, आणि तिमाही संपली की सगळी बोंब. मी काय करतो, बजेटमध्ये 'प्रोजेक्ट अकाउंटिंग व रिपोर्टिंग' अशी वेगळी ओळ टाकतो, ती प्रोजेक्टचाच खर्च म्हणून टाकतो आणि शेजारी दोन वाक्यांत समजावतो की यातून महिन्याला काय काय मिळणार. दहापैकी सगळेच मानत नाहीत पण विचारल्याशिवाय तर कुणीच देत नाही.

एफसीचं वेगळं आहे. तिथं सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, आणि नियमांत हिशेब ठेवण्याचा खर्च, व्यावसायिक फी हे सगळं प्रशासकीयच धरलंय. म्हणजे तुमचं बिल त्या २० मध्येच बसणार, संचालकांचा पगार, वीज, भाडं यांच्या रांगेत. तिथं उगाच मोठी फी सांगून संस्थेला अडचणीत आणू नका.

सेक्शन ८ अजिबात नको. तुम्ही सेवा विकताय, देणगी मागत नाही आहात. प्रोप्रायटरशिप करा, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करा, वेगळं बँक खातं काढा, झालं. संस्था तुमच्या बिलातून टीडीएस कापेल तो रिटर्न भरताना तुमच्या करातून वजा होतो, जास्त कापला गेला असेल तर परत मिळतो, तेवढी तयारी ठेवा. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या पुढं गेल्यावर लागतो आणि तो लागला की संस्थेला तुम्ही एकदम १८ टक्क्यांनी महाग होता, कारण बहुतेक संस्थांना त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही. त्याचा विचार आत्ता नको, पण डोक्यात असू द्या.

पाच टक्केवालं प्रकरण नंतर लिहितो, क्लायंटचा फोन येतोय, सप्टेंबर आहे, ऑडिटची घाई.

रोखठोक

मला एक कळत नाही. गरिबांच्या नावानं आलेला पैसा, त्यातून कन्सल्टंट, रिपोर्टवाले, ऑडिटवाले, ट्रेनिंगवाले सगळे आपापला वाटा काढणार आणि वर त्याला करिअर म्हणणार. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यातलाच प्रकार झाला हा. ताई तुम्हाला समाजसेवा करायची तर करा ना फुकट, नाहीतर खाजगी कंपनीत नोकरी करा, हे अधलंमधलं काय?

तोरणमाळ_वाट

रोखठोक साहेब, मी नंदुरबारकडे एक छोटी संस्था चालवतो, सचिव आहे. आमच्या मेळाव्याला मंडपवाला आला तर तो रोख पैसे घेतो. गाडीवाला डिझेलचे आधी मागतो. झेरॉक्सवाला उधारी ठेवत नाही. त्यांना कुणी म्हणत नाही की आदिवासींसाठी आहे तर मंडप फुकट घाल. हिशेब लिहिणाऱ्या बाईनं मात्र सेवाभावानं लिहायचे. आणि ते हिशेब वेळेवर झाले नाहीत तर पुढचा हप्ता येत नाही, हप्ता आला नाही तर आमच्या सहा कार्यकर्त्यांचा पगार थांबतो, हे लोणी नक्की कोण खातंय सांगा.

आता ताई तुमच्यासाठी. मी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसणारा माणूस, म्हणजे फी देणारा, म्हणून थोडं कडू सांगतो. आमच्याकडे शहरातून एक कन्सल्टंट यायचे. बोलायला गोड, पीपीटी सुंदर. त्यांनी आमचं प्रपोजल लिहून दिलं आणि मी रात्री वाचत बसलो तर आठव्या पानावर सागरी मच्छीमार कुटुंबांची उपजीविका. सातपुड्यात! दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचा मजकूर तसाच उचललेला. पाठवायच्या आदल्या दिवशी सापडलं म्हणून बरं.

तर आम्हाला कसला माणूस पाहिजे ते ऐका. आमचे कार्यकर्ते पावरीत (इकडची आदिवासी बोली) बोलतात, मराठीत मोडकंतोडकं लिहितात, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवतात. कंपनीला पाहिजे इंग्रजीत, त्यांच्या एक्सेलमध्ये, त्यांच्या इंडिकेटरप्रमाणे. मधलं अंतर कुणीच भरून काढत नाही. जो माणूस कार्यकर्त्याला फोन करून विचारेल की बाबा बैठकीला किती बाया आल्या, त्यातल्या नवीन किती, सही का अंगठा, आणि त्यातून नीट रिपोर्ट काढेल, त्याला मी पोटाला चिमटा घेऊन पैसे देईन. इंग्रजी बोलताना अडखळता त्याचं काही नाही, फोन आम्हालाच करायचाय.

अजून एक. एकट्या छोट्या संस्थेला अर्धा अकाउंटंटही परवडत नाही. आमच्याकडे पाच संस्थांनी मिळून एक माणूस ठेवला, आठवड्यात एक दिवस एकीकडे. दोन वर्षं मस्त चाललं, मग तो सरकारी परीक्षा पास झाला. तुम्ही असं काही काढलं तर लातूर, धाराशिव, बीड पट्ट्यात उड्या पडतील. २०२० पासून एफसीचा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे देताच येत नाही, त्यामुळे पूर्वी मोठ्या संस्थांच्या छत्राखाली आमच्यासारख्यांचं भागायचं ते बंद झालं, आता ज्याला त्याला स्वतःच फंडर शोधायचा, स्वतःच कागद सांभाळायचे. काम वाढलंय, माणूस नाही.

सही_शिक्का

मी सीए आहे, मराठवाड्यातलाच. ताईंनी सीए नाही असं सांगितलंय म्हणून मर्यादा स्पष्ट करून टाकतो म्हणजे पुढं गोंधळ नको.

ऑडिट, आयकराचा १०बी किंवा १०बीबी ऑडिट रिपोर्ट, धर्मादायकडे जाणारा ऑडिट रिपोर्ट, कंपनी मागते ती ऑडिटेड यूसी, यावर सही आमची. सीएसआर-१ फॉर्म, जो १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर पैसा घ्यायचा तर लागतोच, त्यावरही सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. पण त्याआधीचं सगळं, म्हणजे पुस्तकं लिहिणं, फंडरवार वेगळं करणं, दात्यांची पॅनसकट यादी, ठरावांच्या नकला, हे तुमचं. आणि खरं सांगू का, आमच्या ऑफिसला तेच नको असतं. सप्टेंबरात संस्थेची फाइल म्हणजे पिशवी येते. मी अतिशयोक्ती करत नाही, कापडी पिशवी. त्यात चहाची बिलं, बिलावर तारीख नाही, हजेरीपत्रकावर गावाचं नाव नाही. जर कुणी मला बांधलेली, नंबर टाकलेली, प्रत्येक व्हाउचरवर प्रोजेक्टचा शिक्का असलेली फाइल आणून देत असेल तर मीच माझ्या क्लायंटना सांगेन की या बाईंकडे जा.

शिक्क्याचं मुद्दाम सांगतो. समजा एकाच प्रशिक्षणाला दोन फंडरचे पैसे लागलेत. जेवणाचं बिल १८,००० चं. त्यातले १२,००० एकाचे, ६,००० दुसऱ्याचे. मूळ बिलावर दोन्ही शिक्के, रकमेसकट, आणि दुसऱ्या फाइलला झेरॉक्स, त्यावर लिहिलेलं की मूळ बिल कुठल्या फाइलला कितव्या नंबरवर. हे नसेल आणि दोन्ही फंडरच्या ऑडिटरना पूर्ण १८,००० चं बिल दिसलं तर संस्थेवर दुहेरी दाव्याचा ठपका येतो, चोरी कुणीच केलेली नसते.

एक सावधगिरी, सीएशी कमिशनचं ठरवू नका. आम्हाला बिगर-सीएबरोबर फी वाटून घेता येत नाही. तुमचं बिल संस्थेला वेगळं, आमचं वेगळं.

लोअर_परळ_लोकल

मी बरीच वर्षं एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये होते, त्या बाजूनं थोडं.

सीएसआरचा कायदा २०१४ पासून लागू आहे, सगळ्यांना माहीत आहे, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. पण आमच्या ऑफिसात प्रत्यक्षात काय व्हायचं तर संस्था छान, काम छान, फील्ड व्हिजिटला डोळे भरून यायचे, आणि लीगल टीमकडे फाइल गेली की परत. कारण? शेड्यूल-१ च्या, म्हणजे धर्मादायकडच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर जे विश्वस्त दिसतायत त्यातले दोघं वारलेत आणि चेक ज्यांच्या सहीनं निघतात त्यांची नावं उताऱ्यावर नाहीतच. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो कुणी दिलेलाच नसतो किंवा कधीतरी दिलाय पण त्याचं पुढं काय झालं ते संस्थेत कुणालाच माहीत नाही. चांगल्या चांगल्या जुन्या संस्था यावर अडकताना बघितल्यात. ताई, तुम्ही यातलं काम करत असाल तर पहिली सेवा हीच विका, एकदाच ठरावीक रक्कम घेऊन संस्थेची सगळी कागदपत्रं तपासून द्यायची, १२एबी (संस्थेची आयकर सवलतीची नोंदणी) कधी संपतंय, ८०जी (दात्याला करसूट मिळायची मान्यता) कधी संपतंय, दर्पणवर (संस्थांचं सरकारी पोर्टल) जुनेच पदाधिकारी आहेत का, शेड्यूल-१ जुळतंय का, सभेच्या नोटिसा आणि ठराव आहेत का. अर्ज चालवायला वकील लागेल पण नोटीस, इतिवृत्त, संमतिपत्र, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला हे गोळा करायला वकील गावोगाव फिरत नाही.

दुसरं काम, इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे प्रोजेक्टचा परिणाम तपासणं. ज्या कंपनीचं सीएसआर बंधन तीन वर्षांच्या सरासरीनं १० कोटी किंवा वर आहे तिला १ कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टचं, प्रोजेक्ट पूर्ण होऊन वर्ष झाल्यावर, बाहेरच्या स्वतंत्र एजन्सीकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ते काम मोठ्या फर्मना जातं, तुम्हाला थेट मिळणार नाही. पण त्या फर्मना गावात जाऊन मराठीत प्रश्न विचारणारी माणसं पाहिजे असतात आणि ती त्यांच्याकडे नसतात. तुम्हाला कोबो येतं म्हणालात, चार मुली तयार करा, सर्व्हेचं काम घ्या. पैसे बरे असतात, फक्त तीन-चार महिन्यांनी मिळतात. आणि ज्या संस्थेची पुस्तकं तुम्ही लिहिता तिच्याच मूल्यमापनात शिरू नका, कुणी विचारलं नाही तरी.

हिशेबवही_लातूर

बापरे, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. तोरणमाळ दादा, मच्छीमार वाचून ऑफिसात एकटीच हसले. रोखठोक साहेब तुमचं म्हणणं घरीही ऐकते त्यामुळे राग नाही.

शेड्यूल-१ चं वाचून लगेच आमच्याच संस्थेचा उतारा काढून बघितला, एक नाव जुनं आहे, उद्या सरांना सांगते.

दोन शंका. फी नक्की किती सांगायची हे कुणीच लिहिलं नाही, मला आकडा सांगताना तोंड उघडत नाही, समोरचे सर लोक वयानं मोठे असतात, त्यांनी आयुष्य दिलंय कामाला. आणि पाच टक्क्यांचं राहिलं.

पानशेत_रोड

आलो. आधी पाच टक्के. नाही घ्यायचे. कारणं तीन-चार आहेत पण मुख्य हे की ते पाच टक्के बजेटमध्ये कुठं दाखवणार? फंडरनं मुलींच्या शिक्षणाला दिलेल्या पैशातून कमिशन गेलं हे दाखवता येत नाही, म्हणून ते दुसऱ्याच नावानं दाखवलं जातं आणि मग त्या खोट्या व्हाउचरवर तुमचंच नाव. बरेच फंडर करारातच याला मनाई करतात. शिवाय दहातली बहुतेक प्रपोजलं नामंजूर होतात, त्यात तुमचा काही दोष नसतो, कंपनीनं जिल्हाच बदललेला असतो. मग तुम्ही महिनाभर फुकट राबलात. लिहिण्याची ठरावीक फी घ्या, अर्धी सुरू करताना, अर्धी मसुदा दिल्यावर, मंजुरीशी संबंध नाही. परवडत नसेल तर त्यांना म्हणा लिहा तुम्ही, मी बजेट आणि तक्ते करून देते, तेवढ्याचे द्या.

फी. मी माझं सांगतो, पुण्याचे दर तुमच्याकडे थोडे उतरतील. ज्या संस्थेची उलाढाल ३०-४० लाखांपर्यंत आहे, एक-दोन फंडर आहेत, तिचे मासिक हिशेब, टीडीएस आणि तिमाही आर्थिक रिपोर्ट मिळून मी महिन्याला ८ ते १० हजार घेतो. एफसी असेल तर जास्त, कारण तिथं वेगळी पुस्तकं, दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ते एक खातं आणि तिथून पुढं वापराचं खातं, ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ (परदेशी देणगीचं वार्षिक विवरण), चूक झाली तर परवान्यावर येतं. नुसती कागदपत्र तपासणी एकरकमी १५ हजार. हे काही शास्त्र नाही, मी आधी हिशेब केला की माझा आणि मुलांचा पगार, भाडं, टॅलीचं लायसन मिळून महिन्याला किती लागतात, त्याला संस्थांच्या संख्येनं भागलं आणि वर थोडं टाकलं. सात-आठ संस्थांवर दोन मुली आणि तुम्ही असं गणित जेमतेम बसतं, दहा-बारा झाल्या की श्वास घेता येतो.

तोंड उघडत नाही म्हणता तर तोंडी सांगूच नका. कागदावर द्या. दोन पानी पत्र, काय करणार, काय करणार नाही, किती घेणार, कधी घेणार. मोठ्या माणसांना पत्राचा राग येत नाही, घासाघीस तोंडी बोलण्यात होते. आणि सवलत द्यायची तर खुशाल द्या, पण पत्रात पूर्ण फी लिहून खाली सवलत वेगळी दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी ती सवलतीचीच फी त्यांच्या बजेटमध्ये जाते आणि कायमची होते.

पैसे कधी येतात ते आता ऐका, यावर धंदे बुडतात. सीएसआरचा हप्ता येतो कधी, तर यूसी दिल्यावर. यूसी बनवता तुम्ही. म्हणजे तुमच्या कामामुळे सगळ्यांचे पगार सुटतात आणि तुमचं बिल सगळ्यात शेवटी. मार्चमध्ये कंपन्यांची खर्चाची घाई, एप्रिल-मे-जूनमध्ये नवीन करार होईपर्यंत संस्थांच्या खात्यात खडखडाट, आणि नेमकं ३१ मेला १०बीडी असतं जे थांबवता येत नाही, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये आणि दात्याला ८०जीची सूट दिसत नाही म्हणून त्याचे फोन वेगळे. मग सप्टेंबरपर्यंत ऑडिट. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हा पैसे सगळ्यात कमी. मी फी तिमाहीची आगाऊ घेतो, आणि मार्चमध्ये एप्रिल-जूनची सुद्धा घेऊन टाकतो. काही संस्था नाही देऊ शकत, त्यांच्यासाठी निदान सहा महिने घर चालेल इतके बाजूला ठेवून मगच राजीनामा द्या.

तोरणमाळ_वाट

पानशेतकर म्हणतात त्यात भर. आगाऊ मागताना 'आगाऊ' म्हणू नका हो, आमच्या विश्वस्तांना तो शब्द खटकतो, 'तिमाही सेवा शुल्क, तिमाहीच्या सुरुवातीला देय' असं लिहा, लगेच सही होते. अनुभवाचे बोल.

लोअर_परळ_लोकल

नोकरी सोडायची वेळ पण नीट निवडा. ऑडिटच्या तोंडावर सोडलंत तर सरांच्या मनात कायमचं राहील आणि या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. ऑक्टोबरअखेर रिटर्न भरून झालं की बोला. आणि तेव्हा राजीनाम्याबरोबर तेच दोन पानी पत्र त्यांच्याही पुढे ठेवा, तुमचे पहिले क्लायंट तेच व्हायला हवेत. त्यांना नवीन माणूस शोधून तयार करण्यापेक्षा तुम्ही महिन्यातून सहा दिवस येणं स्वस्त आहे. सध्या संध्याकाळी ज्या दोन संस्थांचं करताय ते मात्र सरांना आजच सांगून टाका, नंतर दुसरीकडून कळायला नको.

हिशेबवही_लातूर

सरांना सांगितलं. ते म्हणाले मला माहीत होतं, त्या झाडाचा फोटो त्या संस्थेनं ग्रुपवर टाकला होता.

पत्र लिहायला घेतलंय. 'काय करणार नाही' यात काय काय टाकू? आत्तापर्यंत ऑडिटवर सही, वकिली आणि रोख रक्कम हाताळणं एवढं लिहिलंय.

पानशेत_रोड

रोख रक्कम टाकलीत ते उत्तम केलंत, त्यात कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवणं आणि नेटबँकिंगचा ओटीपी हेही जोडा, सचिव लोक प्रेमानं पासवर्ड देऊन टाकतात. मागच्या तारखेची बिलं आणि ठराव तयार करणार नाही हे स्पष्ट लिहा, पहिल्याच मार्चमध्ये कुणीतरी विचारेल. फंडरनं मधेच फॉर्मॅट बदलला किंवा बजेट सुधारून मागितलं तर ते मासिक फीत नाही, त्याचे वेगळे पैसे. कागद महिन्याच्या १० तारखेपर्यंत आले नाहीत तर त्या महिन्याचा रिपोर्ट उशिरा होईल आणि ती जबाबदारी संस्थेची. आणि सोडताना काय, टॅलीचा बॅकअप आणि सगळ्या फाइली कुणाला, किती दिवसांत. मसुदा झाला की संस्थेचं नाव काढून इथंच टाका, सही_शिक्का साहेबांची पण एक नजर जाऊ दे.

सही_शिक्का

टाका, बघतो. ३० तारखेनंतर.